दारात उभा केलेला टँकर

घर आवडलं तरी ते डोळ्यांत दिसू द्यायचं नाही, हे मला अण्णांनी शिकवलं.

"जमिनीकडं बघायचं," ते म्हणाले. "कुणी काय बी इचारलं तरी जमिनीकडं. बोलणार मी. घेणाऱ्यानं तोंड उघडलं की भाव चढतो."

केजमध्ये घराचा सौदा असाच होतो. घेणारा आपल्या बाजूनं एक वडीलधारा माणूस नेतो. तो माणूस घराला नावं ठेवतो, विकणारा ऐकून घेतो, आणि घेणारा दाखवायला आणलेल्या मुलीसारखा मान खाली घालून बसतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जमलं की साखरेची वाटी फिरते. चिमूटभर साखर दोन्हीकडच्यांनी तोंडात टाकली की भाव पक्का. मग त्यात फरक करायचा नाही, वर नाही आणि खालीही नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सावंतवाडीच्या पलीकडचा. विकत घर घेतलेला माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नव्हता. घरं असायची, नाहीतर नसायची.

अण्णा माझे घरमालक. आठवीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. एकदा खताची गाडी घेऊन केजला आलो आणि स्टँडच्या अलीकडे गिअरबॉक्स बसला. मालक फोनवर म्हणाला, थांब तिथंच, बघतो. त्यानंतर त्यानं फोनच उचलला नाही. रस्त्याकडेला गाडीखाली झोपणारा मुलगा बघून अण्णांनी विचारलं, "जेवलास का बे?" मी म्हणालो, "नाय." तो 'नाय' ऐकून ते हसले आणि घरी घेऊन गेले. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. मला भाकरी मोडता येईना, कारण आमची तांदळाची भाकरी वेगळी मोडते. त्यावरही त्या हसल्या. पण तिसरी भाकरी न विचारता वाढली.

त्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहिलो. अण्णा गावच्या दूध सोसायटीचे जुने सभासद, त्यांच्या शब्दावर मला दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. 'का' विचारताना 'कित्याक' म्हणणारा मी 'कावून' म्हणायला शिकलो. अण्णांनी जे सांगितलं ते मी केलं. ते चुकतात असं मला कधी वाटलं असेल तर ते मी मनातल्या मनातही पुरतं बोललो नाही. उपकार केलेल्या माणसाविषयी असं काही मनात आलं की मी उठून गाडी पुसायला लागायचो. अजून लागतो.

मग सलग दुष्काळ पडला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि संघाचा टँकर शीतकरण केंद्राच्या आवारात नुसता उभा राहू लागला. उन्हाळ्याच्या तोंडाला तो पाणी वाटायला लावला. मी तो सोडा घालून धुतला, वाफ मारली, पुन्हा धुतला, तरी पहिल्या खेपांच्या पाण्याला नासक्या दुधाचा वास येत होता. माझ्या वाट्याला आलेल्या गल्लीत पिठाच्या गिरणीवाल्या काकू होत्या, त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे. पहिल्या दिवशी घागर नाकाजवळ नेऊन त्या म्हणाल्या, "इतके दिस दुधात पाणी घालीत व्हते, आता पाण्यात दूध घालायलेत. संघ लई सुधारला."

पण पुढं वास गेला आणि गल्लीला तो टँकर आवडू लागला. दुधाचा असल्यामुळं त्याला दोन भिंती होत्या. भर उन्हातही आतलं पाणी गार राहायचं. लेकरं म्हणायची, फ्रीजचं पाणी आलं. मागच्या तोटीला कुलूप असायचं, नाहीतर वाटेत कुणीही उघडायचं. त्याची किल्ली माझ्याकडं. ज्या गावात मी उपरा होतो तिथं माझी गाडी दिसली की बायका हातातलं काम टाकून पळत यायच्या. मला ते बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

त्याच गल्लीच्या तोंडाला, टँकर रोज थांबायचा तिथंच, चाचांचं घर. चाचा पंपाच्या मोटारी भरायचे. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी त्यांना जेवायला फुरसत नव्हती. बोअरचं पाणी गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. माणसं मोटार भरून न्यायची, पुन्हा सोडायची, पुन्हा जाळायची. दुसऱ्या वर्षी लोकांनी मोटारी वरच काढून ठेवल्या. चाचा रिकामे झाले. त्यांचा मुलगा संभाजीनगरला कंपनीत होता, तो म्हणाला, या इकडं. म्हणून घर विकायला काढलं.

दोन खोल्या, पुढं ओटा, वर पत्रा, हिरव्या चुन्याच्या भिंती. मागं छोटं आवार, त्यात कोरडी पडलेली बोअर आणि मेंदीचं एक झुडूप. ते झुडूप चाचींनी भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलं होतं. पाण्याच्या खेपेला जाता-येता मी ते घर बघायचो. माझी बायको तेव्हा तिच्या माहेरी, मुलीसह. मी सुट्टीवर गेलो की मुलगी दाराआड लपायची, मला ओळखायची नाही. बायको केजला यायला तयार होती, पण तिचं एकच म्हणणं होतं. "दुसऱ्याच्या खोलयेत नको. सोताच्या दाराक कडी लावूक मेळात तेव्हा ने माका."

त्या हिरव्या भिंती बघितल्या की मला त्या कडीचा आवाज यायचा.

चाचांनी तीन सांगितले होते. तीन म्हणजे तीन लाख. संघाच्या नोकरांची पतसंस्था होती, तिचं कर्ज आणि माझ्याजवळचं जमवलेलं धरून मला अडीच झेपत होतं. त्याच्या वर एक पायरीही नाही. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अडीच तर मी झोपेत करतो." आपल्या तरुणपणी त्यांनी बैलबाजारात मध्यस्थी केलेली. घर म्हणजे त्यांच्या लेखी चार भिंतींचं जनावर.

बोलणी दुपारी ठरली. त्या दिवशी पाणी भरायच्या ठिकाणी वीज नव्हती, टँकर भरायला उशीर झाला. मी फोन केला, म्हणालो, आधी गल्लीत पाणी सोडतो, मग बोलणीला बसू. अण्णा म्हणाले, "तसाच ये. दारात लाव. आधी बोलणी, मग पाणी. साक्षीची माणसं बसून ऱ्हायलीत."

मी तसाच गेलो. भरलेला टँकर चाचांच्या दारात लावला, किल्ली खिशात टाकली आणि आत जाऊन बसलो.

आत अण्णा, गल्लीतली दोन वडीलधारी माणसं, समोर चाचा. चाची पडद्याआड. सगळ्यांसमोर पाणी आलं, अर्धा अर्धा पेला. त्या वर्षी कुणाच्याही घरी पाहुण्याला अर्धाच पेला मिळायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. अण्णांनी एक घोट घेतला, चूळ भरली, उठून मागच्या दारातून मेंदीच्या बुडाला टाकली आणि तिथूनच बोअरकडं बघत म्हणाले, "ही बोअर का नुसतंच भोक?"

साक्षीची माणसं हसली. चाचाही थोडं हसले. "बोअरच हाय अण्णा. पाणी असलं की बोअर, नसलं की भोक."

"मग भोकाचे पैसे कावून द्यायचे?"

"भोकाचे मागत न्हाई. घराचे मागतो."

अण्णा परत येऊन बसले. दार दक्षिणेला आहे म्हणाले. चाचा म्हणाले, "आमच्यात चालतं. तुमच्यात चालत नसंल तर मागनं पाडा दार." भिंतीला ओल आहे म्हणाले. चाचा म्हणाले, "ओल कुठं दिसली तर आमालाबी दाखवा, घागर लावू." पत्रा गळत असणार म्हणाले. चाचा छताकडं बघत म्हणाले, "दोन साल झाले, गळायला काय पडलंच न्हाई वरनं. कसं सांगू?"

इथवर ते खेळासारखं होतं. दोघांनाही गोडी होती त्यात. मी जमिनीकडं बघत होतो. शहाबादी फरशी होती आणि एका फरशीच्या कोपऱ्यात तांब्याच्या तारेचा तुकडा अडकला होता, इतक्या वेळा पुसूनही न निघालेला. तीनाचे पावणेतीन झाले. पडद्याआडून कपबश्या वाजल्या.

तोवर बाहेर गल्ली जमली होती. घागरी, हंडे, रंगाचे डबे, निळे ड्रम. ऊन असं होतं की पत्र्यावर चटके बसत होते. खिडकीतून आवाज येत होता, "ड्रायवर कुठाय?" "आत बसलाय." "आत बसून पाणी सुटतं का?" माझ्या खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. मी थोडा उठलो. अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. जड, कोरडा, मायेचा हात. त्या हातानं मला भाकरी दिली होती. मी परत बसलो.

अण्णा म्हणाले, "चाचा, पोरगं गरीब हाय. परमुलखातून आलंय. जरा खाली या."

चाचांनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अडीच. त्याच्या खाली मला परवडत न्हाई. पोराच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ का?"

अडीच. मला झेपत होतं. माझ्या डोळ्यापुढं बायको, मुलगी, दाराची कडी, सगळं एका क्षणात आलं. मला फक्त मान वर करायची होती. मी जमिनीकडं बघत राहिलो.

"दोन," अण्णा म्हणाले.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर घागरी आपटण्याचा आवाज. अण्णांना घाई नव्हती. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला. मग गिरणीवाल्या काकू थेट उंबऱ्यात आल्या. पदर डोक्यावर, घाम हनुवटीवरून खाली.

"चाचा," त्या म्हणाल्या, "आटपा की. आमी उन्हात उभ्या हाव. म्हातारीला भोवळ आली तिकडं."

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अण्णांशी नाही. चाचांशी बोलल्या. जणू पाणी चाचांनी अडवलं होतं.

चाचांनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्या रांगेतल्या बायकांतल्या निम्म्यांची लग्नं त्यांनी पाहिली असतील. मग त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि म्हणाले, "सव्वादोन करा. अन् लोकाला पाणी सोडा."

"झालं," अण्णा म्हणाले.

साखर आतून आली. वाटी पडद्यातून बाहेर आली, हात मला फक्त मनगटापर्यंत दिसला. चाचांनी चिमूट घेतली, अण्णांनी घेतली, माझ्यापुढं वाटी धरली. मी साखर तोंडात टाकली. ती विरघळायला फार वेळ लागला, कारण तोंडाला कोरड पडली होती.

मी बाहेर आलो, कुलूप काढलं, तोटी सोडली. रांगेत रेटारेटी झाली, शिव्या झाल्या, हसणं झालं, नेहमीसारखं. चाचींचा निळा ड्रम रोज तोटीजवळ पहिला असायचा, घर समोरच म्हणून. त्या दिवशी तो आलाच नाही. टँकर रिकामा झाला तरी दार लोटलेलंच होतं. निघताना आरशात बघितलं, तर गिरणीवाल्या काकू आपली एक घागर चाचांच्या ओट्यावर ठेवत होत्या. ठेवून घाईघाईनं निघून गेल्या, दार वाजवलं नाही.

अण्णा माझ्याबरोबर केबिनमध्ये होते, खुशीत. "बघितलं का बे? बैल सावलीत उभा असला की मालक ऐकत न्हाई. उन्हात उभा केला की त्यालाच घाई होती."

मी म्हणालो, "अण्णा, अडीच चाललं असतं."

"चाललं असतं म्हणून दिऊन टाकायचं व्हय? तुझ्याच लेकराला व्हतील ते पैसे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तोंड का पाडलंस? घर झालं की तुझं."

ते खरं होतं. ते माझ्यासाठीच केलं होतं. भरलेला टँकर दारात तसाच ठेवायला त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला त्यांच्या ताटात जेवता आलं नसतं. शिवाय टँकर लावला कुणी? किल्ली कुणाच्या खिशात होती?

पुढच्या खेपांना चाची सगळ्यांच्या शेवटी येऊ लागल्या. घर तोटीसमोर आणि नंबर शेवटचा. एकदा मी त्यांचा ड्रम उचलून पुढं आणायला गेलो. त्या म्हणाल्या, "रहने दो बेटा. नंबर आयेगा तब भरेंगे." रागानं नाही. भाजीवाल्याशी बोलावं तसं. टँकरच्या बुडाचं पाणी गढूळ येतं, ते त्या फडक्यातून गाळून न्यायच्या.

मी काही दिवस जेवलो, झोपलो, गाडी चालवली, पण डोक्यात तेच. बायकोला फोनवर घर झालं म्हणून सांगितलं तेव्हा ती रडली. मीही रडल्यासारखं केलं, म्हणजे खरंच रडलो, पण तिला वाटलं त्या कारणानं नाही. शेवटी एक दिवस स्टँडजवळच्या चाचांच्या टपरीवर गेलो. ते एक जुनी मोटार भरत बसले होते. कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कुणाची न्हाई. हात विसरू नये म्हणून." चाची डबा घेऊन आल्या होत्या, बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या.

मी उभ्यानंच बोललो. वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "चाचा, वरचे पंचवीस हजार मी देतो. माझ्याजवळ आहेत."

"वरचे कसले?"

"तुम्ही अडीच म्हणाला होता."

"मी तीनबी म्हणलं व्हतं." ते तार ओढत राहिले. "सौदा कितीला झाला?"

"सव्वादोन."

"साखर खाल्ली का न्हाई तू?"

"खाल्ली."

"मीबी खाल्ली. मग?"

मी म्हणालो, त्या दिवशी बाहेर लोक उभे होते, टँकर दारात होता, तुमच्यावर… पुढं मला शब्द सापडेना. त्यांनी तार सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"ऐक. आता गल्ली म्हणती, अण्णा हुशार निघाला, चाचा भावात फसला. फसू दे. भावात कुणीबी फसतं. तू पैसे आणून दिले की गल्लीला कळंल, चाचाला रांगेसमोर वाकवला. अन् त्या रांगेतल्या बायांनाबी कळंल की वाकवला त्यांनीच. रोज पाणी भरायचंय त्यांना तुझ्याकडनं. त्यांना कावून तोंड लपवायला लावतो?"

मी पैसे देऊन मोकळा व्हायला गेलो होतो. त्यांनी मला मोकळं केलं नाही, आणि शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी वळलो तेव्हा चाची बोलल्या. डबा बांधत, माझ्याकडं न बघता.

"एक काम करो. वो टँकर अब हमारे दरवाजे कू मत लगाव. घर तुमचं झालं तरी बी. त्या कोपऱ्याला लाव, कुंभाराच्या घराकडं. तिथली म्हातारी लई लांबून येते."

"लावतो," मी म्हणालो.

"तुझी बायको आली तरी."

"हो."

चाचा हसले. "बायको आल्यावर बघू," म्हणाले.

खरेदी झाली. कचेरीत मी सही केली, अंगठा नाही. आठवीपर्यंतचं शिक्षण तेवढ्यापुरतं कामाला आलं. चाचा-चाची एका टेंपोत सामान भरून गेले. जाताना चाचींनी खोल्या झाडून, फरशी पुसून दिली. त्या पाणीटंचाईत पुसून दिली. मी चावी घ्यायला गेलो तेव्हा फरशी अजून ओली होती.

मी टँकर कोपऱ्याला लावू लागलो. गल्लीला आधी वाटलं मी वळायच्या सोयीसाठी लावतो. गिरणीवाल्या काकूंना काय वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलणं हे त्यांच्याकडून फारच झालं. कुंभाराकडची म्हातारी एवढंच म्हणाली, "बरं केलंस बाबा, गुडघे वाचले."

मग बायको आली. मुलगीही आली, दोन दिवस माझ्यापासून लपली, मग नाही लपली. बायकोनं पहिल्या संध्याकाळी आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. आमच्या गावी विहीर अंगणात. पोहरा टाकला की पाणी. इथं तिनं हंडा घेतला आणि दाराबाहेर येऊन उभी राहिली, ड्रायव्हरची बायको म्हणून थोडी ऐटीत. मी तिच्यासमोरून गाडी पुढं नेली आणि गल्लीच्या पार टोकाला लावली. ती हंडा घेऊन चालत आली. मी नंबर शेवटचा दिला. आमच्या घराचा ड्रम गढूळ पाण्याचा.

"ह्यो काय न्याय?" ती घरी म्हणाली. "माझो घोव टँकरवालो आणि माका बुडाचा पाणी?"

मी म्हणालो, "लोक नावं ठेवतील, घरच्यांना आधी दिलं म्हणून."

तिला ते पटलं. चांगल्या माणसाची बायको असल्यासारखं तिनं ते गल्लीत सांगितलंही. लोक मला मान देऊ लागले. अण्णा चारचौघांत म्हणायचे, "पोरगं लई सरळ. बायकोलाबी शेवटचा नंबर." मी तो मान घेतला. नाही कसा म्हणणार होतो? नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते चाचांनी बंद करून ठेवलं होतं.

त्या वर्षी पाऊस थोडाफार झाला. टँकर बंद होण्याइतका नाही. मी रात्रभर पत्र्याखाली बादली घेऊन बसलो होतो, अण्णांनी सांगितलेल्या गळतीची वाट बघत. एक थेंब आत आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गिरणीवाल्या काकूंच्या मुलीचं लग्न निघालं आणि चाची त्यासाठी संभाजीनगरहून आल्या. चाचांना दम लागायचा, ते आले नाहीत. मी टोकाला टँकर लावून उभा होतो, शेवटची घागर भरून झाली होती. माझी बायको कमरेवर एक, डोक्यावर एक अशी चालली होती, आणि समोरून चाची येत होत्या, लग्नाच्या नव्या साडीत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. चाची थांबल्या. माझ्याकडं बघितलं, टँकर कुठं उभा आहे ते बघितलं, आणि बायकोच्या कमरेवरची घागर आपल्या कमरेवर घेतली.

"अहो, नवी साडी भिजेल," बायको म्हणाली.

"पानी ही है," चाची म्हणाल्या.

मी मागून गेलो. चाची त्या ओट्यावरून आत गेल्या, घागर कुठं ठेवायची हे विचारावं लागलं नाही. बायकोनं त्यांना फरशीवर सतरंजी टाकून बसवलं आणि पाण्याचा पेला भरून दिला. काठोकाठ. तिला अजून अर्ध्या पेल्याची सवय झाली नव्हती. चाची मागच्या दारातून मेंदीकडं बघत होत्या. ती जिवंत होती.

"तुम्हीच सांगा हो यांना," बायको हसत म्हणाली. तिला त्या कोण हे आता कळलं होतं. "घर गल्लीच्या या टोकाला, आणि हे टँकर लावतात त्या टोकाला. वर नंबर शेवटचा. सगळ्या गल्लीला गार पाणी, आणि मला चिखल. कशासाठी एवढा चांगुलपणा?"

चाचींनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. काय बोलतील याची मी वाट बघत होतो. एवढं एकच वाक्य, आणि माझं घर, माझा मान, बायकोच्या डोळ्यांतला तो अभिमान, सगळं त्यांच्या हातात होतं.

"भरते रहो बेटी," त्या म्हणाल्या. "मी बी शेवटीच भरायची."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो. फरशीच्या कोपऱ्यात तांब्याच्या तारेचा तो तुकडा अजून होता.